एकच यंत्र घ्यायचे असेल तर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद केले आणि जगभरच्या असंख्य घरांत नि कचेऱ्यांत एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. यंत्र धडधाकट चालते आहे, पण विंडोज ११ ला जी सुरक्षा-चिप आणि ज्या पिढीचा प्रोसेसर लागतो, तो त्यात नाही. मग त्याच्या जागी काय आणायचे? पुन्हा कॉम्प्युटरच, की एखादा चांगला टॅब? घरातल्या तरुण मंडळींना विचारले तर उत्तर बहुतेक ठरलेले असते. "तुम्हाला करायचे तरी काय असते? मेल बघायचे, व्हिडिओ कॉल करायचा, बिले भरायची, थोडेफार लिहायचे. टॅब पुरे झाला."

हे उत्तर अगदीच चुकीचे असते तर त्यावर लिहिण्याची गरज नव्हती. ते अर्धे बरोबर आहे. शिवाय तो आता घरगुती सल्ला राहिलेला नाही. शाळा, संस्था आणि सरकारी योजना हजारोंनी यंत्रे वाटतात, तेव्हा त्यांच्याही मनात हाच हिशेब असतो की रोजच्या कामाला टॅब पुरतो. माझे म्हणणे असे की दुसरे यंत्र म्हणून टॅबला तोड नाही. पण ज्याच्याकडे एकच यंत्र असणार आहे, आणि त्यातही ज्याला अजून बरेच शिकायचे आहे, त्याच्या हाती फक्त टॅब देणे म्हणजे त्याने पुढे काय करायचे याची हद्द आपणच परस्पर ठरवून टाकणे.

कॉम्प्युटरची सद्दी संपली अशी भाकिते आजवर अनेकदा झाली आहेत. नोव्हेंबर २००१ मध्ये बिल गेट्स यांनी टॅबलेट पीसी लोकांसमोर मांडला आणि पाच वर्षांत अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारा पीसी हाच असेल, असे सांगितले. तसे घडले नाही. ती यंत्रे जड होती, आणि माउससाठी आखलेल्या बारीक बारीक मेन्यूंवर पेनाने टोचत बसण्यात कुणालाच रस नव्हता. जानेवारी २०१० मध्ये अ‍ॅपलने आयपॅड जाहीर केला तो उलट्या दिशेने येऊन. कॉम्प्युटर लहान करण्याऐवजी त्यांनी फोन मोठा केला. त्याच वर्षी जूनमध्ये अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी एका जाहीर मुलाखतीत म्हटले की देश शेतीप्रधान होता तेव्हा सगळ्या गाड्या ट्रकच असत, कारण शेतावर तेच लागत. शहरे वाढली तशा मोटारी आल्या. पीसीचेही ट्रकसारखे होईल, ते राहतील, पण त्यांची गरज मोजक्या लोकांनाच भासेल. २०१५ मध्ये मोठा आयपॅड प्रो बाजारात आणताना जॉब्स यांच्यानंतरचे प्रमुख टिम कुक यांनी तर आता पीसी घ्यायचाच कशाला, असा सवाल केला.

प्रत्यक्षात टॅबचा खप २०१४ च्या सुमारास शिगेला पोचला आणि नंतर काही वर्षे घसरत गेला. २०२० मध्ये महासाथीने शाळा आणि कचेऱ्या घरात आणल्या तेव्हा टॅबचा खप पुन्हा वाढला खरा. पण लॅपटॉपसाठी लोकांना वाट पाहत थांबावे लागले.

जॉब्स यांचे भाकीत खोटे ठरले असे मात्र मला वाटत नाही. मोटार आली, आणि ती घरोघरी पोचली. फक्त ती टॅब नव्हती, फोन होता. आणि इथेच "टॅब पुरे झाला" या सल्ल्यातली गफलत आहे. मेल, व्हिडिओ कॉल, बिले, बातम्या, फोटो ही यादी पुन्हा नीट वाचून पाहावी. यातले प्रत्येक काम आज फोनवर होते. ज्यांच्यासाठी टॅब पुरतो असे आपण म्हणतो, त्यांना खरे तर फोनच पुरत असतो. टॅब त्यांना डोळ्यांना सुखावणारा मोठा पडदा देतो, एवढेच. मग माणूस फोन हातात असताना आणखी एक यंत्र कशासाठी घेतो? फोनवर जे धड होत नाही त्यासाठी. आणि नेमक्या त्या कामांत टॅबला फोनकडून आलेल्या मर्यादा आड येतात.

असे एक काम जवळून पाहू. एखाद्या छोट्या संस्थेच्या खजिनदाराला वर्षअखेरचा हिशेब करायचा आहे. बँकेचे विवरण मेलवर पीडीएफ होऊन आले आहे. गेल्या वर्षीचा ताळेबंद एक्सेलच्या फाइलमध्ये आहे, तो आधीच्या खजिनदाराने बनवलेला. सभासदांनी पावत्यांचे फोटो मेसेजवर पाठवलेत. यातून आकडे उचलून तक्ता भरायचा, जुळवणी करायची, सोबत दोन पानांचे टिपण लिहायचे आणि सगळे मिळून कार्यकारिणीला पाठवायचे. फार मोठे काम नाही. हिशेब ठेवणारा, अर्ज करणारा, अहवाल लिहिणारा कुणीही माणूस हे या ना त्या रूपात करत असतोच.

कॉम्प्युटरवर तो तीन खिडक्या शेजारी शेजारी उघडतो. नजर विवरणावर, बोटे कीबोर्डवर, मधूनच फोटोकडे एक कटाक्ष. टॅबवर पडद्याचे दोन भाग करता येतात, पण एका भागात टाइप करायला लागताच पडद्यावरचा कीबोर्ड वर येतो आणि उरलेल्या जागेतली बरीचशी खाऊन टाकतो. पीडीएफमधली रक्कम उचलायची तर बोट दाबून धरायचे, शब्द निवडला गेला की दोन बाजूंची टोके ओढून नेमक्या आकड्यावर आणायची. बोटाखाली आकडाच झाकला जात असल्याने टोक एक घर पुढे सरकते, मग पुन्हा मागे. कॉपी करून तक्त्यात यायचे. फोटो पाहायला तिसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊन परत यावे, तर मघाचे अ‍ॅप कधी कधी नव्याने लोड होते, कारण मेमरी वाचवण्यासाठी यंत्राने त्याला मधल्या वेळात झोपवलेले असते. जुन्या फाइलमध्ये आधीच्या खजिनदाराने जुळवणीसाठी मॅक्रो, म्हणजे तीच ती कामे आपोआप करणाऱ्या सूचना, लिहून ठेवलेत. एक्सेल टॅबवर आहे, पण तिथे ते मॅक्रो चालत नाहीत. फाइल मेलमधून उघडली की तिची एक प्रत होते, एक्सेलने ती क्लाउडवर ठेवली की दुसरी होते, आणि मेलला जोडण्यासाठी "शेअर" केली की तिसरी. संध्याकाळी कुणी विचारले की शेवटची प्रत कोणती, तर खजिनदाराला छातीठोक सांगता येत नाही.

यातली एकही अडचण अशी नाही की काम अडूनच राहावे. प्रत्येकीवर काही ना काही तोड निघते, आणि टॅबवर सगळे काम करणारे लोक आहेत, त्यांनी आपापल्या वाटा काढल्या आहेत. पण कामाचा वेळ वाटा काढण्यात जावा, हे काही रोजच्या कामाच्या यंत्राचे लक्षण नव्हे.

याचे मूळ बोटात आहे. माउसच्या बाणाचे टोक पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढ्या जागेवर नेमके ठेवता येते. बोटाचे तसे नाही. म्हणून अ‍ॅपलची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की स्पर्शाचे बटण निदान ४४ पॉइंटचे हवे; अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटरची आहे. एवढ्या मोठ्या बटणांची कितीशी दाटी पडद्यावर करता येणार? मग अ‍ॅप बनवणारे काही साधने मेन्यूत दडवतात आणि काही वगळतातच. नोव्हेंबर २०१९ मध्ये आयपॅडवर फोटोशॉप आले, ते कॉम्प्युटरवरच्या फोटोशॉपमधल्या कितीतरी सोयी मागे ठेवून आले. टॅबवरची आवृत्ती नेहमी "हलकी" का असते, याचे उत्तर चिपच्या ताकदीत शोधून सापडत नाही. २०२१ च्या आयपॅड प्रोमध्ये तीच एम१ चिप होती जी मॅकबुक एअर या लॅपटॉपमध्ये होती.

कीबोर्ड आणि ट्रॅकपॅड जोडला की झाले, असे यावर सांगितले जाते. जोडावाच. पण मग तराजूत घालून पाहावे. २०२० चा १२.९ इंची आयपॅड प्रो ६४१ ग्रॅमचा होता आणि त्याचा ट्रॅकपॅडवाला कीबोर्ड सुमारे ७१० ग्रॅमचा. दोन्ही मिळून साडेतेराशे ग्रॅम. त्याच वर्षीचा मॅकबुक एअर १.२९ किलोचा होता. इतके सगळे जोडून शेवटी लॅपटॉपच्याच वजनाला यायचे असेल, तर लॅपटॉप का नको, याचे उत्तर मला मिळालेले नाही. दरम्यान लॅपटॉपही जागेवर थांबलेला नाही. दिवसभर टिकणारी बॅटरी, झाकण उघडताच जागे होणे, पंख्याचा आवाज नसणे हे सारे एके काळी टॅबचे वैभव होते. फोनमध्ये असतात तशा, कमी वीज खाणाऱ्या एआरएम चिपांमुळे २०२० नंतर ते लॅपटॉपमध्येही आले.

इथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे, कारण त्याच्या अभावी ही चर्चा नेहमी भरकटते. "टॅबलेट" म्हणताना आपण दोन गोष्टी एकत्र करतो: आकार आणि प्रणाली, म्हणजे विंडोजसारखे यंत्र चालवणारे मूळ सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये सरफेस आरटी काढला. दिसायला देखणा, जोडीला कीबोर्डही. पण जुने विंडोजचे प्रोग्रॅम त्यावर चालत नव्हते, आणि ज्यासाठी लोक विंडोज घेतात तेच त्यात नव्हते. पुढच्याच वर्षी न खपलेल्या मालापोटी कंपनीला ९० कोटी डॉलरचा तोटा लिहून काढावा लागला. त्याच सुमारास आलेला सरफेस प्रो मात्र तगला, आजही पिढ्या बदलत चालू आहे, कारण तो आकाराने टॅब असला तरी आतून पूर्ण विंडोज कॉम्प्युटर आहे. कुणी सरफेस प्रो वापरत असेल आणि टॅबने कॉम्प्युटरची जागा घेतली म्हणत असेल, तर माझी हरकत नाही. तो कॉम्प्युटरच वापरतो आहे. माझा वाद पाटीसारख्या आकाराशी नाहीच.

आयपॅडचा गेल्या काही वर्षांचा प्रवासही हेच सांगतो. २०१७ मध्ये फाइल्सचे अ‍ॅप आले. २०१९ मध्ये पेनड्राइव्ह जोडता येऊ लागला. मार्च २०२० मध्ये माउस-ट्रॅकपॅडला रीतसर आधार मिळाला. २०२४ मध्ये, म्हणजे तब्बल १४ वर्षांनी, साधा कॅल्क्युलेटर आला. आणि २०२५ च्या आयपॅडओएस २६ या आयपॅडच्या प्रणालीमध्ये हव्या तशा हलवता येणाऱ्या, एकमेकींवर येणाऱ्या खिडक्या आणि वरती मेन्यूची पट्टीही आली. अमेरिकन संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी माउस जगाला दाखवला तो १९६८ मध्ये. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात आल्टो हा कॉम्प्युटर १९७३ मध्ये तयार झाला आणि पुढच्या काही वर्षांत त्यावर खिडक्या अवतरल्या. जुनाट म्हणून मोडीत काढलेली ही रचना ५० वर्षांनी टॅबने एकेक करून परत घेतली. यात मी टॅबचा पराभव पाहत नाही, उलट निर्मात्यांनी लोकांच्या कामाकडे पाहिले याचा मला आनंद आहे. पण कामाला काय लागते, याची कबुलीही त्यात आहे.

टॅबने कॉम्प्युटरची जागा घेतली नसली, तरी एका गोष्टीची जागा फार सुंदर रीतीने घेतली आहे. ती म्हणजे कागदाची. विमानाच्या वैमानिकांना नकाशे, उड्डाणाच्या सूचना, नियमपुस्तके यांची जाडजूड बॅग वागवावी लागे. २०११ मध्ये अलास्का एअरलाइन्सने वैमानिकांच्या हाती आयपॅड द्यायला सुरुवात केली; अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ मध्ये सुमारे १६ किलोच्या त्या बॅगेला निरोप दिला. पूर्वी बदललेली पाने हाताने काढून नवी लावावी लागत, आता ती रातोरात अद्ययावत होतात. वादकाच्या स्टँडवर शेकडो रचनांची स्वरलिपी एका पाटीत मावते आणि पायाजवळच्या पेडलने पान उलटते, वाद्यावरचा हात काढावा लागत नाही. डेव्हिड हॉक्नी यांच्यासारखे ज्येष्ठ चित्रकार २०१० पासून आयपॅडवर चित्रे काढू लागले. प्रुफे तपासणारा, रुग्णांच्या खाटांमधून फिरणारा डॉक्टर, शेताच्या बांधावर उभे राहून पाहणी नोंदवणारा, वर्गात वह्या तपासणारा शिक्षक, या सगळ्यांना उभ्याने, चालताना, एका हातात धरून वापरता येणारे यंत्र हवे असते आणि तिथे लॅपटॉप निव्वळ अडचण होतो.

पेनाचे तर विशेष कौतुक करावे असे काम झाले आहे. पेन पडद्यावर फिरवल्यावर रेघ किती उशिराने उमटते, यावर लिहिण्याचा सगळा अनुभव अवलंबून असतो. अ‍ॅपलच्या पेन्सिलचा हा उशीर २०१७ मध्ये २० मिलिसेकंद होता, तो २०१९ मध्ये ९ मिलिसेकंदांवर आला. रेघ मागून येते आहे हे मग हाताला जाणवत नाही, आणि समासात केलेली खूण कागदावरच्या खुणेसारखीच सहज होते. बोलता न येणारी मुले चित्रांना स्पर्श करून आपले म्हणणे यंत्राच्या आवाजात सांगतात, तेव्हा टॅबने जे दिले ते टेबलावरच्या कॉम्प्युटरने तितक्या सहजपणे कधीच दिले नसते.

मग उरतो तो अधिक महत्त्वाचा मुद्दा, परवानगीचा. कॉम्प्युटरवर मला हवा तो प्रोग्रॅम मी कुठूनही आणून बसवू शकतो, स्वतः लिहू शकतो, प्रणालीच बदलून टाकू शकतो. आयपॅडवर प्रत्येक अ‍ॅप आपापल्या बंद खोलीत असते, ते बहुतेक ठिकाणी कंपनीच्याच दुकानातून येते, आणि काय चालावे हे कंपनी ठरवते. ब्राउझरची नावे वेगवेगळी दिसली तरी वर्षानुवर्षे त्या सगळ्यांच्या आत अ‍ॅपलचेच वेबकिट हे वेबपान उघडून दाखवणारे इंजिन असण्याची सक्ती होती. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये बड्या तंत्रज्ञान कंपन्यांना लगाम घालणाऱ्या डिजिटल मार्केट्स कायद्याखाली आयपॅडओएसलाही "गेटकीपर", म्हणजे बाजाराचे दार अडवून बसलेला, ठरवले, तेव्हा कुठे तिथल्या लोकांपुरते हे दार किलकिले झाले. अँड्रॉइडचे टॅब या बाबतीत बरेच मोकळे आहेत, सॅमसंगच्या काही टॅबवर तर डेस्कटॉपसारखी मांडणीही मिळते. त्यांचे दुखणे वेगळे आहे. मोठ्या पडद्यासाठी नीट घडवलेली अ‍ॅप कमी, आणि गूगलने स्वतःच २०१९ मध्ये आपले टॅब बनवणे थांबवून २०२३ मध्ये पुन्हा सुरू केल्यावर इतरांनी त्यावर भरवसा तरी किती ठेवायचा?

बंदिस्तपणाची बाजू घेणारे जे म्हणतात तेही ऐकले पाहिजे, कारण त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. कॉम्प्युटरच्या मोकळेपणाची किंमत जगाने मोजली आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने सुमारे १५० देशांतल्या विंडोज यंत्रांना ग्रासले, ब्रिटनमधल्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या फाइलीत डोकावता येत नाही, म्हणून टॅबवर असा हाहाकार उडणे फार अवघड. वयस्क माणूस कुठल्याशा भलत्या दुव्यावर बोट ठेवतो, तेव्हा टॅबचे हे बंद कप्पे त्याला वाचवतात. मला हे पूर्ण मान्य आहे. घराला कुलूप असावेच; माझा आग्रह एवढाच की किल्ली घरमालकाकडे असावी. मॅकवर किंवा विंडोजवर अनोळखी प्रोग्रॅम उघडताना यंत्र आधी अडवते, धोका सांगते, आणि तरीही मालकाने ठरवले तर पुढे जाऊ देते. हीच पद्धत टॅबवर आणायला तांत्रिक अडसर कोणताही नाही.

किल्ली कुणाकडे आहे, हे यंत्र म्हातारे झाल्यावर फार प्रकर्षाने कळते. पहिला आयपॅड एप्रिल २०१० मध्ये विकायला आला. सप्टेंबर २०१२ मध्ये आयओएस ६ ही नवी प्रणाली आली ती त्याला मिळाली नाही. अडीच वर्षांत पडदा पडला. ब्राउझर प्रणालीला बांधलेला, म्हणून वेबसाइट हळूहळू उघडेनाशा झाल्या. दुसरी प्रणाली घालायची सोय नाही, म्हणून काच, बॅटरी, पडदा सगळे शाबूत असलेले यंत्र निरुपयोगी झाले. पुढे अ‍ॅपलने यात खूप सुधारणा केली. २०१४ च्या आयपॅड एअर २ ला २०२१ पर्यंत नव्या आवृत्त्या मिळत राहिल्या, हे सांगितलेच पाहिजे. तरी शेवट आला की येतो. याउलट २०१० चा एखादा लॅपटॉप आजही लिनक्स ही मोफत प्रणाली घालून लिहिण्या-वाचण्याच्या आणि मेलच्या कामाला लावता येतो. विंडोज १० बंद झाल्यामुळे ज्यांची यंत्रे अडचणीत आली आहेत, त्यांनाही हा मार्ग मोकळा आहे. नवे काही घेण्याआधी तो करून पाहावा असे मी आवर्जून सांगेन.

आता शाळांविषयी, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक शाळांनी २०१३ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड देण्याची १ अब्ज डॉलरहून मोठी योजना आखली. वर्षभरात ती गुंडाळावी लागली. त्याला खरेदीच्या व्यवहाराबद्दलच्या शंकांपासून अपुऱ्या अभ्यासक्रमापर्यंत अनेक कारणे होती, सगळा दोष यंत्राच्या माथी मारणे योग्य नाही. पण त्यातला एक तपशील विसरण्याजोगा नाही: परीक्षांसाठी कीबोर्ड लागणार, ते निराळे घ्यावे लागणार, हे खरेदी ठरल्यावर सगळ्यांच्या ध्यानात आले. अमेरिकेतल्या मेन राज्यात २०१६ मध्ये काही शाळांनी शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना विचारले; बहुसंख्यांनी लॅपटॉपला पसंती दिली, आणि शाळांनी आयपॅड परत करून लॅपटॉप घेतले. मुलांनीच लॅपटॉप मागावा, याकडे खरेदी करणाऱ्यांनी जरा लक्ष द्यावे.

मुलांना लिहायचे असते. पाच पानांचा निबंध लिहिणे म्हणजे तो चार वेळा मोडून पुन्हा रचणे; परिच्छेद उचलून वर नेणे, दोन वाक्यांचे एक करणे, जुना खर्डा शेजारी उघडून ताडून पाहणे. हे काम जिथे कटकटीचे होते तिथे मूल पहिल्याच खर्ड्यावर थांबते. तीच गोष्ट फाइलींची. महाविद्यालयात प्रयोगांची माहिती हाताळायला शिकवणारे सांगतात की अलीकडच्या मुलांना फाइल कुठे ठेवली, फोल्डर म्हणजे काय, हेच कळत नाही. त्यांच्या लेखी फाइल "अ‍ॅपमध्ये" असते. मुलांची बुद्धी कमी झालेली नाही. त्यांना जी यंत्रे दिली गेली त्यांनी ही बाजू मुद्दाम झाकून ठेवली. आणि कुतूहलाचे काय? कॉम्प्युटरवर मूल एखादा प्रोग्रॅम बिघडवते, वेबपानाच्या आतला कोड उघडून बघते, चार ओळी स्वतः लिहून चालवते. टॅबवर प्रोग्रॅमिंग शिकवणारी चांगली अ‍ॅप आहेत. अ‍ॅपलच्या स्विफ्ट प्लेग्राउंड्समधून २०२१ पासून आयपॅडवर पूर्ण अ‍ॅप बनवून दुकानात पाठवताही येते. तरीही ती आखून दिलेल्या मैदानातली खेळी राहते. ज्या आयपॅडवर मूल शिकते, तो ज्या साधनांनी घडतो त्यांतले मुख्य साधन, एक्सकोड, त्या आयपॅडवर चालत नाही.

सुखवस्तू घरातल्या मुलाला हा प्रश्न पडतच नाही. त्याच्याकडे वाचायला टॅब असतो आणि काम करायला टेबलावर लॅपटॉप. प्रश्न पडतो तो ज्या घरात एकच यंत्र येणार आहे, बहुधा योजनेतूनच येणार आहे, तिथे. "यांना टॅब पुरे" असा निर्णय घेणाऱ्या माणसांनी तो निर्णयाचा कागद स्वतः कशावर टाइप केला, हे विचारून पाहावे. त्यांचे काम टॅबवर भागत असते तर त्यांच्या टेबलावर लॅपटॉप दिसला नसता. जे स्वतःला अपुरे वाटते ते दुसऱ्याच्या मुलासाठी पुरेसे ठरवणे मला अन्यायाचे वाटते. तेवढ्याच खर्चात साधा, कीबोर्डवाला लॅपटॉप मिळत असेल तर तो दिसायला कमी झुळझुळीत असला तरी मुलाला जास्त दूर नेईल.

वैयक्तिक खरेदीचे म्हणाल तर जास्त बोलण्यासारखे काही नाही. ज्यांचा दिवस वाचण्यात, चित्रे काढण्यात, खुणा करण्यात, अर्ज भरण्यात, बोलण्यात जातो त्यांनी बिनदिक्कत टॅब घ्यावा. ज्यांच्या घरी चालू कॉम्प्युटर आहे त्यांनीही घ्यावा. ज्यांना हिशेब, अहवाल, पत्रव्यवहार, अभ्यास यांतले काही आठवड्यातून दोन-चारदा तरी करावे लागते आणि यंत्र एकच घ्यायचे आहे, त्यांनी लॅपटॉप घ्यावा, साधा का असेना, आणि बाकीचे फोनवर सोडावे.

संस्थांनी आणि योजना आखणाऱ्यांनी मात्र ऑर्डर देण्याआधी एक चाचणी घ्यावी. ज्यांना ही यंत्रे मिळणार आहेत, त्यांच्यातल्या एका शिक्षकाला किंवा लिपिकाला एक नमुना द्यावा, आणि त्यावर एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करायला सांगावे. पाच पानांचा अहवाल लिहायचा, दुसऱ्या फाइलमधले आकडे आणून त्यात तक्ता घालायचा, सहकाऱ्याने सुचवलेल्या दुरुस्त्या घ्यायच्या, छापून काढायचा, पेनड्राइव्हवर ठेवायचा, आणि आठवड्याने तीच फाइल शोधून काढून पुन्हा उघडायची. विक्रेत्याचा माणूस त्या वेळी खोलीत नसावा. चौथ्या पानावरचा तक्ता दुसऱ्या पानावर नेताना तो शिक्षक मेटाकुटीला आला, तर वाटपाच्या यादीतून ते यंत्र काढून टाकावे.